सासूबाईंची तुळशीमाळ

रविवार, संध्याकाळ

पाय ठणकून राहिले. हे म्हणाले, "चल, डोंगरावरून महानदी पाहून येऊ." म्हणून वारलेल्या सासूबाईंची माळ वाहत्या पाण्यात सोडायला पिशवीत घेतली. उभी चढण, तोल जाई तिथे आधी पिशवी सांभाळली. वर पोचले तर नदी पार खाली, उतरायला वाटच नाही! हे हसले, "अवं, पाहाले आलो, आंघोळीले नाही."

माळ तशीच घरी आणली. यांनी विचारलं, "शिवनाथ नदी तर घराजवळच आहे. वर्षभर कावून नेली नाही?" म्हटलं, पेट्रोल जळते. खोटं बोलले. देवा, तुला ठाऊक आहे, सोडवतच नाही.

मग यांनीच पिशवीतून माळ काढून देवघराच्या खुंटीला टांगली.