आधी तुझं ताट

आई,

खो-खोची मॅच आहे म्हणून लवकर निघाले. आज डॉक्टरांकडे तुला एकटीलाच जायचंय.

घाबरू नकोस. काल आजी म्हणाली, "नवरा उपाशी हाय अन् तू आदी जेवतीस व्हय गं?" तेव्हा तू शांतपणे म्हणालीस, "वेळेवर जेवून गोळी घ्यायचीय, आत्याबाई." आणि वर दुसरी भाकरी घेतलीस! चार महिने अंथरूण न सोडलेली माझी आई! मला तर टाळ्याच वाजवाव्याशा वाटल्या.

नव्या पेठेतल्या दवाखान्यापर्यंत चालतच जा, चालल्यावर तुला बरं वाटतं. मागच्या वेळी डॉक्टरांशी सगळं मीच बोलले. पहाटे रडू येतं, ते आज तूच सांग.

तुझं ताट वाढून झाकलंय. आजीचं वाढलेलं नाही. ते तू वाढ, पण तुझं जेवण झाल्यावर.

तुझी महानंदा