चंदाचा कोरा फुगा

बोथ (जि. आदिलाबाद), ७ जानेवारी २०२५

चि. मैत्रीस,
काकूचा जयभीम आणि पोटभर आशीर्वाद.

पहिलं चित्र काढलं त्या दिवशीही पाणी भरून झालं होतं, आंगण झाडून झालं होतं, शेवटची भाकर तव्यावर होती. तुझ्या काकांनी तहसील कचेरीतले रद्दी फारम आणले होते. एका बाजूला तेलुगू छापील, दुसरी कोरी. वरण शिजेपर्यंत मी त्यावर दोन वेण्यांची पोरगी काढली, सायकलवर. समोर बकरी आडवी. तीच आपली चंदा.

मला तेव्हा लिहिता येत नव्हतं. चंदा काय म्हणते ते मी सांगायची, काका तिच्या तोंडापुढच्या फुग्यात लिहायचे. पण कारकून माणूस! मी सांगितलं, हट वं बकरे. त्यांनी लिहिलं, ‘सदर बकरीने तात्काळ रस्ता मोकळा करावा.’ वस्तीतल्या पोरी दर रविवारी ओट्यावर जमून वाचायच्या आणि लोळून हसायच्या. ते फुगे वाचूनच मी अक्षरं शिकले.

हैदराबादहून तू पाठवलेलं, तुझ्या प्रदर्शनाचं नमुन्याचं कार्ड मिळालं. वर ‘बायकांनी मुलींसाठी काढलेल्या चित्रकथा’, आणि खाली आपल्या चंदाच्या पानांच्या वहीपुढे ‘अपवाद : उद्धवराव’. बायकांच्या प्रदर्शनात एकटेच पुरुष! काका असते तर मिशीवरून हात फिरवला असता. सहीशिवाय कागद खरा नाही, असं म्हणत ते प्रत्येक पानाखाली सही ठोकायचे. पोरींनाही वाटायचं, चित्रं त्यांचीच. मी कधी बोलले नाही.

तरी नाव राहू दे. ते जाऊन सतरा वर्षं झाली. रेशन कार्डावरून गेलं, मतदार यादीतून गेलं. एका ठिकाणी तरी राहू दे.

जेवत जा. पत्राची वाट पाहते.
तुझी,
प्रयागकाकू


हैदराबाद, १६ जानेवारी

ती. काकूस सप्रेम जयभीम.

तुझं पत्र वाचून मी कपाळावर हात मारला. अमेरिकेत जुन्या काळी काही बायका पुरुषी वाटणारं नाव लावून चित्रकथा काढायच्या. जपानात मुलींच्या चित्रकथा आधी बहुतेक पुरुषच काढायचे, मग त्या वाचून मोठ्या झालेल्या मुलींनी पेन हातात घेतलं. हे सगळं मी प्रदर्शनासाठी आठ पानं लिहून काढलं, आणि घरातली बाई मला दिसली नाही!

काका मला आठवत नाहीत, पण त्यांचं नाव खोडणार नाही. मात्र त्यांचं एकट्याचं ठेवलं तर पोरींना तेच खोटं पुन्हा सांगितल्यासारखं होईल. कार्डं तीस तारखेला छापायला जातात. त्याआधी कळव.

बाबांनी दिलेल्या वहीतलं शेवटचं पान सोबत परत पाठवते. चंदा दहावीच्या परीक्षेला आदिलाबादला पोचली आहे, शाळेचं फाटक बंद आहे. फुगा कोरा, खाली सही नाही. हे असं काऊन, काकू?

रागावू नकोस. माया कमी करू नकोस.
तुझी,
मैत्री


बोथ, २२ जानेवारी, बुधवार

चि. मैत्रीस जयभीम.

ते पान मी काढलं त्याच आठवड्यात काकांना दवाखान्यात नेलं. घरी आल्यावर लिहू म्हणाले. आले नाहीत. पान बघवेना, म्हणून वही तुझ्या बाबांकडे देऊन टाकली.

आज ते पान पोळपाटावर ठेवून मी बघत बसले. त्यांनी काय लिहिलं असतं मला ठाऊक आहे : ‘सदर फाटक विनाविलंब उघडण्यात यावे.’ हसू आलं, मग डोळे भरले, मग परत हसूच आलं. पण इतकी सायकल हाणत आलेली पोरगी असं बोलेल का?

कार्डावर छाप : चित्रे प्रयागबाई, अक्षर उद्धवराव. ‘अपवाद’ तेवढा काढ. सुट्टीत ये, तुला ओटा दाखवते. माझी आठवण असू दे.
तुझी,
प्रयागकाकू

ता. क. पत्र टाकायचं राहिलं. आज गुरुवार. सकाळी पाणी भरलं, आंगण झाडलं, आणि फुग्यात लिहिलं, ‘फाटक उघडा जी, मले पेपर द्याचा हाय.’ खाली माझी सही केली.