लॅपटॉप बंद होत नाही

मालवण, १४ नोव्हेंबर २००७

ह्यांना जाऊन महिना झाला. फोटो पाहायला त्यांचा लॅपटॉप उघडला, तर आता तो बंदच होईना. शट डाउन केलं की पुन्हा सुरू. भाऊजींनी सेटिंग बदलून पाहिली, तरी तेच. दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना, तेव्हा सासूबाईंनी वचन दिल्यावर शिवला होता. आज त्यांनी लॅपटॉपपुढेच हात जोडले.

"बाबल्या, तुझ्या बायलेक मी अंतर देवचंय नाय. आता नीज."

मी शट डाउन दाबलं. पुन्हा सुरू.

"गो, आता तू कायतरी सांग त्येका."

सांगायचं तर आहे. पण सासूबाईंच्यादेखत कसं सांगू? हे गेले त्या सकाळी मी रागाने ह्यांच्याशी बोललेच नव्हते. मी नुसतंच पुन्हा शट डाउन दाबलं.