चाळीसपैकी चाळीस

१ डिसेंबर २०२५, सोमवार
जिच्या आयुष्यात अद्याप काहीही घडलेले नाही, तिने रोजनिशी लिहिण्याचे धाडस करावे, याबद्दल प्रथम क्षमा मागते. वाचक कोणीच नाही, तरीही मागते. संशोधकाने रोज नोंद ठेवावी असा आमच्या मार्गदर्शक मंदाकिनी मॅडमचा आदेश आहे.

जानेवारीत आंतरमहाविद्यालयीन विद्यार्थी संशोधन परिषद. आमच्या कॉलेजातून एकच प्रकल्प जाणार. पहिलीपासून मी हजेरीपटावर शेवटची आणि गुणपत्रिकेत पहिली. तेव्हा निकालाची चिंता नाही.

माझा विषय : ‘विठ्ठलवाडी परिसरातील स्त्रियांच्या रक्तक्षयविषयक आहारज्ञानाचे चिकित्सक अध्ययन’. माझ्याच वर्गातल्या सेरेना अल्मेडाचा विषय : ‘दुखलं तर कोणाला सांगता?’ हा विषय आहे की चौकशी?

३ डिसेंबर
माझी प्रश्नावली पूर्ण. वीस प्रश्न, चाळीस स्त्रिया. सेरेनाकडे प्रश्नावलीच नाही. “मी नुसती जाऊन बसणार, मॅडम. बायका बोलतात.” मॅडम “वा!” म्हणाल्या. मला म्हणाल्या, “रचना, शीर्षक छोटं कर.” विचारांती त्यात ‘तौलनिक’ हा शब्द वाढवला.

मला मत्सर वाटत नाही. मी केवळ नोंदवते की तिच्या विनोदांवर प्रयोगशाळेतले शिपाईसुद्धा हसतात, आणि ते विनोद सुमार असतात.

६ डिसेंबर
सहकुटुंब दादरला, चैत्यभूमीवर. रांगेत संकल्प : आजपासून कोणाशी तुलना नाही, फक्त अभ्यास.
रांग पुढे सरकण्याआधी सेरेनाचा स्टेटस पाहिला. ‘इंटरव्ह्यू नंबर नऊ!’ सोबत एक आजी तिच्या गळ्यात हात टाकून.
माझ्या मुलाखती : शून्य. परंतु माझी पूर्वतयारी सखोल आहे.

९ डिसेंबर, सायंकाळी
प्रत्यक्ष क्षेत्रकार्यास प्रारंभ. पहिले घर शेजारच्या रमाआत्यांचे. दारात चपलांचा जोड दिसला. पाहुणे असावेत, व्यत्यय नको, म्हणून परतले.
नंतर लक्षात आले की तो जोड आत्यांचाच होता. तरीही निर्णय पद्धतीला धरूनच होता.

१२ डिसेंबर
दुसरा प्रयत्न. दार वाजवले. विचारले, “आपण लोहयुक्त पदार्थांचे सेवन किती वारंवारतेने करता?” आत्या कणीक मळत होत्या. म्हणाल्या, “अगं, काल भाजी काय केलेली ते विचार ना सरळ. आणि ‘आपण’ कोणाला गं? तुझं नाक पुसलंय मी.”
मुलाखत तहकूब. उत्तरदात्यांत शास्त्रीय दृष्टीचा अभाव.
आई वैतागून म्हणाली, “रविवारी वंदनेनंतर विहारात सगळ्यांना थांबवते. एकदाचं काय ते कर, आणि माझं डोकं सोड.”

१४ डिसेंबर, रविवार
ऐतिहासिक दिवस!
वंदना झाल्यावर चाळीस जणी सतरंजीवर थांबल्या. पहिल्या पाच मिनिटांतच कळले की जेवणासोबत चहा घेतला तर लोह नीट शोषले जात नाही, हे त्यांना ठाऊकच नाही. एक जण तर म्हणाली, “चहा नाय घेतला तर घास उतरतो कुठं?” चूक उत्तर कागदावर उतरताना पाहणे मला लहानपणापासून सहन होत नाही. म्हणून आधी फळ्यावर वीसही उत्तरे समजावून सांगितली, दोनदा म्हणवून घेतली, आणि मगच प्रश्नावली वाटली.
रमाआत्यांनी मध्येच हात वर केला. “रचना, बरोबर लिहू की खरं लिहू?”
मी सांगितले, “अर्थात बरोबर.” (प्रश्न विषयाला सोडून होता.)
निकाल : चाळीसपैकी चाळीस जणींना वीसपैकी वीस. असा निकाल आमच्या शाळेतही कधी लागला नाही.

१८ डिसेंबर
सेरेनाने तिची सामग्री वर्गात दाखवली. फारच विस्कळीत. एक बाई दुखले की नवऱ्याला सांगते, एक देवाला, एक नेहमीच्या रिक्षावाल्याला, आणि बऱ्याच जणी कोणालाच नाही. एकीचे उत्तर दुसरीशी जुळत नाही. मला तिची दया आली. दया म्हणजे मत्सर नव्हे. ती बोलत असताना मागच्या बाकावर कोणीतरी डोळे पुसले. सर्दी असावी.

२२ डिसेंबर
मॅडमना तक्ते दिले. वीस आलेख, वीसही आलेखांत एकच उंच खांब. मॅडमनी वीसही उलटून पाहिले. मग म्हणाल्या, “रचना, हा सर्व्हे आहे की क्लास?”
माझ्या अध्यापनकौशल्याचा असा गौरव प्रथमच झाला.
पुढे म्हणाल्या, “सगळ्यांना सगळं माहीत आहे, मग तुमच्याकडच्या आरोग्य शिबिरात इतक्या जणींचं रक्त कमी कसं निघालं?”
शिबिराचे यंत्र तपासून घ्यावे, असे सुचवले.
अंतिम निवड : सेरेना. मॅडमवर कामाचा ताण दिसतो.

२३ डिसेंबर
जेवले नाही. कारण भूक नव्हती.

२६ डिसेंबर, शुक्रवार
सेरेना न विचारता घरी आली. नाताळचे फुगे घेऊन. मैद्याचे, गोल, तळलेले. मी निषेध म्हणून एकच खाल्ला. नंतरचे तीन आईच्या आग्रहाखातर.
रमाआत्या डोकावल्या. सेरेना सरकून म्हणाली, “या ना आत्या, बसा. गरम आहेत.” तिने प्रश्नसुद्धा विचारला नाही. दुसऱ्या फुग्यालाच आत्या सांगू लागल्या, “सहा महिने झाले गं, जिना चढताना डोळ्यापुढं अंधारी येते. दवाखान्यातून रक्ताच्या गोळ्या देतात, पण पोटात ढवळतं. घेत नाय. कढीपत्त्याच्या कुंडीत टाकते. तो बघ कसा हिरवागार झालाय!”
सगळ्या हसल्या. मग आत्या हळूच म्हणाल्या, “कोणाला सांगितलं नव्हतं.”
एकोणीस वर्षे आमची भिंत एक आहे. माझी प्रश्नावली त्यांनीच भरली. प्रश्न अकरा, ‘गोळ्या नियमित घेता का?’, उत्तर ‘होय’. हे मी जरा मोठ्याने म्हणाले. आत्यांनी माझ्याकडे पाहिले. “तू विचारलंस कुठं, बाळा? तू शिकवत होतीस.”
आज कोणतेही स्पष्टीकरण सुचत नाही. उद्या सुचेल.

२७ डिसेंबर
सुचले नाही. सकाळी आत्यांना डॉक्टरकडे नेले. गोळी बदलून दिली. वाटेत जिन्यावर त्यांनी माझा हात धरला; हात फार हलका होता.

२९ डिसेंबर
सेरेनाचा प्रस्ताव : “तुझे चाळीस पेपर पण घेऊ या ना. आधी बरोबर उत्तरं, मग त्याच बायकांची खरी. दोघींच्या नावावर. मॅडमना विचारलंय मी.” तिला माझी गरज आहे, हे उघडच आहे. उपकार म्हणून होकार दिला.
दिवसभर दोघी घरोघर. ती बोलली, मी लिहिले. जेवणासोबत चहा घेणाऱ्या सहा जणी भेटल्या. पेनाचे टोपण दातांत धरून बसले. एकीलाही दुरुस्त केले नाही. टोपण मात्र निकामी झाले.
सेरेनाला बायका का सांगतात, हे जवळून पाहिले. ती ऐकताना हातातले सगळे खाली ठेवते. याचा मला मत्सर वाटतो. हे वाक्य खोडणार होते.

३१ डिसेंबर, दुपारी
परिषदेला पाठवायचा सारांश तयार; मुदत आज पाचपर्यंत. मी ‘लोहगोळ्यांच्या सेवनाबाबत अनास्था’ असे लिहिले होते. आत्यांना वाचून दाखवले. “हे मी कधी म्हणाले?” मग त्यांचेच शब्द घातले, कुंडीसह.
शीर्षक आत्यांचे : ‘बरोबर लिहू की खरं लिहू?’
नावांचा क्रम राहिला होता. मी उदारपणे सुचवले की वाद नको, वर्णमालेनुसार लावू : आधी रचना, मग सेरेना. सेरेना म्हणाली, “चालेल की!” इतक्या सहज म्हणाली की विजयाची मजाच गेली. मग परिषदेचे नियम उघडले. क्रम वर्णमालेनुसारच, परंतु आडनावांच्या.
अल्मेडा, सेरेना. हिवराळे, रचना.
‘अ’च्या आधी काही नाही. ‘ह’च्या नंतर जवळजवळ काही नाही.
सारांश पाठवला : बुधवार, ३१ डिसेंबर २०२५, दुपारी ४ वाजून ५२ मिनिटांनी.