पार्वताबाईचा कागद

।। श्री ।।

मुर्री,
मंगळवार, ९ डिसेंबर २०२५

चि. रीता,

तुला आईचे पोटभर आशीर्वाद. मी आणि तुझे बाबूजी ठीक आहोत. नागपुरात थंडी पडली असेल, डोक्यावरून अंघोळ करून ओल्या केसांनी वर्गात जाऊ नकोस.

पार्सल शनिवारी पोचलं. त्यात निघालं ते असं: बाबूजींचा स्वेटर एक, माझ्या गुडघ्याचा पट्टा एक, संत्रा बर्फीचा डबा एक, आणि तुझ्या संस्थेचं आभाराचं पत्र. स्वेटरवरची साडेसातशेची चिठ्ठी काढायची तू विसरलीस. बेटा, गोंदियाच्या बाजारात तोच साडेचारशेला मिळतो, आणि टपालाचा खर्च वाचतो तो वेगळा. पण रंग छान आहे. बाबूजींनी अजून घातला नाही, घडी मोडायला जीव होत नाही म्हणतात. आभाराचं पत्र मात्र त्यांनी दोनदा वाचलं आणि कॅलेंडरच्या मागे खोचून ठेवलं.

नागपूरच्या त्या फेरीचा खर्चही मी मांडून ठेवला. गाडीभाडं, ऑटो, केळी. कोणत्या खात्यात घालावा ते कळेना. देवधर्म नाही, पाहुणपण नाही. शेवटी दवाखान्यात घातला.

धान निघालं, कोठीत पडलं. गुरुवारची महालक्ष्मीची पूजा मांडते आहे. शेजारच्या रिंकूचं लग्न कुडव्याला जमलं, मुलाचं मोबाईलचं दुकान आहे. तिची आई मला विचारत होती, "तुमची रीता नवरा-बायकोचे भांडण सोडवाचं शिकते म्हणतात, तं मंग तिचं सोताचं कवा?" मी म्हटलं, "डाक्टर काय आधी बिमार पडते का?" हसली, पण गेली नाही, चहा घेऊनच गेली.

तू म्हणशील, एवढं फोनवर सांगता आलं असतं. फोन बाबूजींच्या खिशात असतो आणि स्पीकर लावल्याशिवाय त्यांना ऐकू येत नाही. तू मला काही बोललीस तर आधी अंगण ऐकतं, मग मी. म्हणून पत्र. काळजीचं कारण काही नाही.

तुझ्या प्रबंधाचं कुठवर आलं? लेकरं बाहेर पडल्यावर मागे राहिलेली जोडपी, असाच विषय ना? तू सांगितलास तेव्हा मी हसले होते. म्हटलं, मागे राहिलेल्यांना काय विचारायचं, ते जेवतात आणि झोपतात.

आता बाबूजी आले वाटतं. उद्या लिहिते.

बुधवार

बाबूजी कुडव्याच्या नाक्यावर गेले. दिवेलागणीपर्यंत येत नाहीत.

रीता, त्या दिवशी तुमच्या वर्गात जे झालं ते काचेच्या पलीकडून तुला कसं दिसलं, मला माहीत नाही. आमच्या बाजूनं तो नुसता आरसा होता. त्यात मला माझाच पदर दिसत होता. म्हणून आमच्या बाजूचं सांगते.

तू म्हणाली होतीस, वर्गातल्या पोरीच नवरा-बायको होऊन बसतात ते खोटं वाटतं, पिकल्या वयाचं जोडपं पाहिजे, मॅडमनी परवानगी दिली आहे. आपल्या माणसांना आपण बसून ऐकायचं नसतं, म्हणून समोर प्रश्न विचारायला तुझी मैत्रीण रीना बसणार. आणि बोलायचं ते आमचं नाही, कागदावर लिहिलेल्या दोघांचं. नवरा गुलाबराव, बायको पार्वताबाई. गुलाबराव मुलाच्या दुकानात पैसा घालतो, बायकोला विचारत नाही. पार्वताबाई रडते आणि माहेरी जाते म्हणते. मी तो कागद पोथीसारखा पाठ केला. बाबूजी आधी नाही म्हणत होते, मग म्हणाले, "मंडईच्या जत्रेत, नाटकात हजार लोकायपुढं उभा रायलो मी. तुया दहा पोट्ट्यायले भेतो का?"

सुरुवात चांगली झाली. बाबूजींनी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "पैसा माहा, घाम माहा. हिले काऊन पुसू?"

मी म्हटलं, "पुसू नका. पण ताट कोण वाढते ते तरी एक डाव पाहा."

ही ओळ कागदावर नव्हती, माझी होती. काचेपलीकडून हसल्याचा आवाज आला. खरं सांगू? मला मजा वाटली. किती वर्षांनी आम्ही दोघं भांडत होतो.

मग रीनानं वहीत न पाहता विचारलं, "गुलाबराव, संध्याकाळी घरी निघताना तुमच्या मनात काय येतं?"

बाबूजी थांबले. मला वाटलं, विसरले. मी हळूच म्हटलं, "दुकानाचं बोला." पण ते रीनाकडे पाहून म्हणाले,

"बाई, घरी जावासं वाटतच नाही. दिवे लागले तरी मी नाक्यावर बसून राहतो. घरी गेलो का ताट झाकलेलं राहते, अना हे देवापाशी बसून राहते. देवाशी लय बोलते. मले फक्त इचारते, मीठ पायजे का. पोरगी होती तं तिच्या नावानं दोन गोष्टी होत. आता भाच्याकडे जाऊन राहावं म्हणतो. ढाब्यावर ट्रकवाले तरी बोलतात."

कागदावर मुलगा होता, रीता. पोरगी नव्हती. आणि भाचाही नव्हता.

मला रडू आलं. पार्वताबाईनं रडायचंच होतं, त्यामुळे कोणाला काही वाटलं नाही. मग दिवा लागला, तुम्ही सारे आलात आणि टाळ्या वाजवल्या. मॅडम म्हणाल्या, किती नैसर्गिक. तू बाजूला उभी होतीस. तू टाळ्या वाजवल्या नाहीस, ते मी पाहिलं.

गाडीत बाबूजींनी केळं सोलून मला दिलं आणि खिडकीबाहेर पाहत बसले. भंडारा गेलं, तुमसर गेलं. मी विचारलं नाही.

मी मनाची समजूत घालत होते. तुला त्यांची नाटकातली खोड माहीत आहे. सावकार झाले होते तेव्हा स्टेजवरून ओरडले, "तुया खैऱ्या बैल उद्या माह्या गोठ्यात बांधीन." खैऱ्या हे पहिल्या ओळीत बसलेल्या मनिरामच्या खऱ्या बैलाचं नाव. मनिराम काठी घेऊन उठला होता. ते असंच करतात, नाटकात खरं मिसळतात म्हणजे लोकांना पटतं. मग भाचा आणि ढाबा हेही तसंच मिसळलं असेल, असं मी रोज स्वतःला सांगत होते. चंद्रकुमारचा सडक अर्जुनीला ढाबा आहेच, तो त्यांना आठवला असेल.

मागच्या आठवड्यात हिंमत करून जेवताना विचारलं, "नागपूरले बोलले ते मनातलं होतं का?"

"नाटक होतं वो," म्हणाले. "तूही तं रडली. मी पुसलं का तुले, काऊन रडली?"

मी भाजी वाढली. आणि तोंडातून काय निघालं असेल? "मीठ पायजे का?" ते हसले नाहीत. मीही नाही.

रविवारी त्यांनी कपाटावरची हिरवी बॅग काढून पुसली. म्हणाले, "अमावास्या उलटली का सडक अर्जुनीले जातो. चंद्रकुमारले गल्ल्यावर बसाले माणूस पायजे."

"किती दिवस?"

"चार दिवस."

"चार दिवसाले गोधडी कायले?" मी विचारलं, कारण गोधडी त्यांनी उन्हात टाकली होती, दोन्ही बाजूंनी.

"थंडी आहे," म्हणाले. तुझा स्वेटर बॅगेत गेला आहे. चिठ्ठीसकट.

आता एक गोष्ट लिहिते, ती तुझ्या प्रबंधात घालू नकोस. देवासमोर मी एवढा वेळ बसते, ते सारं देवाचं नसतं. पोथीचा अध्याय लवकर संपतो. आरतीही होते. मग मी नुसती बसते. मागे त्यांच्या चपलांचा आवाज येतो, ताटावरचं झाकण काढल्याचा आवाज येतो, आणि मला वाटतं, आता उठले तर काय बोलू? तू असताना बोलायला तू होतीस. तुझी फी, तुझी खोली, तुझा ताप. तू गेलीस आणि आमच्याकडचं सारं बोलणं संपलं. ते नाक्यावर बसतात, मी देवघरात बसते. त्यांना वाटतं मी देवाशी बोलते. महालक्ष्मी जाणते, मी तिच्याशीही बोलत नाही. भीत असते.

त्या दिवशी हे सांगायला हवं होतं. पण मी पार्वताबाई होते आणि कागदावर पुढे लिहिलं होतं, माहेरी जाते म्हण. मी तेच म्हटलं. नवरा जातो म्हणत होता आणि मीही जाते म्हटलं. तेवढी शहाणी पार्वताबाई.

खोलीतलं बोलणं खोलीत ठेवायचं, म्हणून तुमच्या मॅडमनी आमच्या सह्या घेतल्या होत्या. म्हणून मी तुला विचारत नाही की, तुला ते खरं वाटलं का. तू टाळ्या वाजवल्या नाहीस, तेवढं मला पुरे. बाबूजींना फोनही करू नकोस. तू रागावशील, ते ओशाळतील आणि गोधडी घेऊन दोन दिवस आधीच निघतील.

माझं एवढं काम कर. पुढचा कागद लिहून पाठव. तोच गुलाबराव, तीच पार्वताबाई. वर संस्थेचं नाव घाल, म्हणजे बाबूजी ते परीक्षेचं समजून मानानं बसतील, त्यांना म्हणू की रीताला सरावासाठी पाहिजे, आवाज भरून पाठवायचा आहे. इथेच बसू, ओसरीवर. आरसा नको.

त्यात असं लिही की गुलाबराव बॅग भरतो आणि पार्वताबाई देवापाशी बसलेली असते. मग ती उठते. उठते, हे नीट मोठ्या अक्षरात लिही, नाहीतर मी बसून राहीन. आणि म्हणते, जाऊ नका. पुढच्या दोन ओळी तूच घाल, तू शिकली आहेस. मी अक्षरन् अक्षर पाठ करीन. माझ्या नावानं मला ते बोलता येणार नाही बेटा, तिच्या नावानं येईल.

गुलाबराव त्यावर काय म्हणतो, ते लिहू नकोस. तिथे जागा कोरी ठेव. ते आपल्या मनाचं घालतात, तुला माहीत आहे.

उद्या पूजेची फुलं आणायला जाईन तेव्हा हे पत्र पेटीत टाकते. अमावास्या शुक्रवारी, एकोणीसला आहे. तुझा कागद त्याच्या आत पोचला पाहिजे. जो काय खर्च येईल तो येऊ दे, पण उलट टपालानं पाठव.

वाट पाहणारी,
तुझी आई
धुरपता