यशोदाचा हंडा

पेठ, मंगळवार, १९ एप्रिल १९८३

आज पाड्यावर हातपंपाची जागा ठरवायची होती. बाया पुरुषांसमोर बोलत नाहीत, म्हणून तिथली रीत अशी की जिथे पाणी हवं तिथे प्रत्येक घरानं आपला रिकामा हंडा ठेवायचा. ग्रामसेवक म्हणून मोजले मीच. शाळेपाशी अकरा, आंब्याखाली बारा. पण घरं बावीसच! पुन्हा मोजले. तेच.

आंब्याखालच्या एका हंड्याला मोठा पोचा होता. "हा कोणाचा?"

म्हातारी सोनीबाई सहज म्हणाली, "यशोदाचा. तिला नाय लागत का पाणी?"

यशोदा गेल्या उन्हाळ्यात पाणी शेंदताना विहिरीत पडून गेली. एकटीच राहायची, घराला तेव्हापासून कुलूप. मग हंडा ठेवला कोणी? शाळेकडचेसुद्धा आपापले हंडे उचलू लागले. सरपंच खालच्या आवाजात म्हणाले, "भाऊसाहेब, आंबा लिवा."

मी चिडलो. मेलेल्या बाईचं मत धरायचं? तो पोचा आलेला हंडा बाजूला करायला गेलो, तर एका हातानं उचलेना. काठोकाठ भरलेला. गार पाणी.

पाड्याची विहीर महिनाभर कोरडी आहे.

रजिस्टरात घरं तेवीस लिहिली.