थोरल्यानं मांडावं, धाकट्यानं उचलावं

वेल्हे,
ता. १४ डिसेंबर २००८

चि. सौ. शिवानीस,

आईचा पोटभर आशीर्वाद. जावईबापूंना नमस्कार सांग, पोरांच्या गालांवरून माझा म्हणून हात फिरव. इकडं थंडी मरणाची पडलीय. गुडघे नुसत्या तोरण्याकडं बघूनच कुरकुरतात. बाकी बरं आहे.

तुझ्या भावांच्या लग्नाच्या शूटिंगच्या स्टुडिओतल्या एका लॅपटॉपची डिस्क गेली. आधी खाटेवरच्या म्हाताऱ्यासारखी घरघरली, मग गप्पच. भोरच्या सलीमभाईंनी आतली लग्नं कशीबशी वाचवली आणि म्हणाले, "दुसऱ्यातलीबी याच वयाची हाय. दोन्ही बदला." त्यांच्याकडं दोन तऱ्हेच्या होत्या. एक तीनशेवीस जीबीची, पण फिरायला संथ. दुसरी तिच्या निम्मी, पण चपळ. कुंडलिक म्हणाला मोठी, अमृत म्हणाला जलद. एकमत होईना, मग एकेक घेतली.

मला यातलं कळतं हे तुला ठाऊक आहे. अक्षरं तुझ्या पाटीवर शिकले, माऊस पोरांच्या मागं बसून. मोठी डिस्क म्हणजे कणगी. वर्षाचं धान्य मावतं, पण खालचं काढायचं तर खांदा भरून येतो. छोटी म्हणजे सूप. मावतं थोडं, पण पाखडून लगेच मोकळं.

डिस्कवरून लागलेलं भांडण वाटणीवर गेलं. चुली वेगळ्या, धंदाही वेगळा. वाटणीच्या आदल्या दिवशी अमृत माझ्याजवळ येऊन बसला, लहानपणी बसायचा तसा.

"आई, तू सांग. मोठी घेऊ का जलद?"

मी म्हटलं, "बाळा, तुझं काम व्हिडिओ कापायचं, जोडायचं. संथ डिस्कवर बसलास तर गिऱ्हाईक वाट बघून दुसरीकडं जाईल. जागा कमी पडली तर डीव्हीडीवर उतरवून ठेव. जलदच घे."

पाया पडला गं माझ्या. वाटे कसे पडणार हे त्याला तेव्हा माहीत होतं का, ते मी अजून विचारलेलं नाही.

सकाळी ओसरीवर सतरंजी टाकली. आपली रीत तुला माहीत आहे, थोरल्यानं वाटे मांडायचे, धाकट्यानं आधी उचलायचा. तुमचे चुलते रखमाजी मध्ये बसले. कुंडलिकनं एकीकडं मोठ्या डिस्कचा लॅपटॉप ठेवला, त्यात आजवरची सगळी लग्नं, शिवाय नवा कॅमेरा. दुसरीकडं जलद डिस्कचा, जुना कॅमेरा आणि लायटी. दोन्हींवर एकेक सुपारी.

मी चहा घेऊन आले तर रखमाजी विचारत होते, "आन् वहिनी?"

कुंडलिकनं मान वर केली नाही. "आई मोठ्या डिस्कसंगं."

अमृतनं माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, हा आता मला उचलतो. त्यानं हात लांब करून पलीकडची सुपारी उचलली.

"अमृता, नीट बघ," रखमाजी म्हणाले. "आई या अंगाला हाय."

"बघितलं की, काका. आईनंच सांगितलंय, जलद घे. इचारा तिला." आणि हसला.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. "व्हय, म्याच सांगितलं," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

कुंडलिकचं तोंड पांढरं पडलं. त्याचा होरा असा, की मोठीवर धाकटा झडप घालणार आणि मी तिच्याबरोबर जाणार. "घरातच फितुरी केलीस व्हय गं?" माझ्यावर ओरडला. मग भावाला म्हणाला, "बरं, अदलाबदल करू. मोठी डिस्क घे, नवा कॅमेरा घे, लायटीबी तुलाच ऱ्हाऊ दे. आईला ने."

अमृत म्हणाला, "डिस्क भरली तर पुसता येती, दादा. आईचं काय करू?"

धाकटी सून पदरात तोंड घालून हसली. रखमाजीही हसले गं. चहा मात्र सगळ्यांनी घेतला.

तेव्हापासून मी कुंडलिककडं आहे. तो बोलत नाही. ताट पुढ्यात येतं, पण सरकवलेलं. काल मात्र स्वतः पोस्टाचं पाकीट आणून दिलं. म्हणाला, "शिवानीला लिही, न्यायला ये म्हणून. आपणहून येते असं लिही, म्हंजी भावकीत बोभाटा व्हायचा न्हाई."

तर हे त्याचं लिहिलं. शिवानी, मला न्यायला ये.

आता माझं. येऊ नकोस. तू आलीस की दोघंही गावभर सांगतील, आईला लेकीचा लळा, आपणहून गेली. दोघंही नामानिराळे. आणि तुझ्या सासूच्या टोमण्यांशी भाकरी खायची, ते माझ्यानं व्हायचं नाही, तुझ्यानंही नाही.

त्याला फोन कर. सांग, आईला माझ्याकडं जागा नाही. रडू नकोस. रडलीस तर मी शिकवलंय हे त्याला कळेल. तोडूनच बोल, "मी काय तिला जन्माची पोसू?" असं काहीतरी. तो फोन मोठ्या आवाजात लावतो, मी चुलीपाशी असेन, सगळं ऐकू येईल. जरा लागेल. पण तू बोल. तू नाही म्हटलंस तरच त्याला मला ठेवावं लागेल.

पोरांना थंडीत कानटोपी घाल.

कुंडलिकच्या वाट्याला आलेली,
तुझीच
आई